दहा लाखांचा आकडा आणि एकोणीस मुलांची शाळा : वेल्सच्या सेनेदला (संसदेला) खुले पत्र

प्रति,
वेल्स सरकारचे सन्माननीय मंत्री आणि सेनेदचे सर्व सन्माननीय सदस्य,
कार्डिफ

स. न. वि. वि.

या पत्राची वेल्श प्रत आपल्याकडे वेगळी पाठवली आहे. माझ्या संध्याकाळच्या वर्गातल्या शिक्षिकेने तीन रात्री शेजारी बसून ती तपासून दिली, कारण माझी वेल्श दुकानात, बसमध्ये आणि वॉर्डात चालते, पण कागदावर अजून लंगडते. मूळ पत्र मात्र मराठीतच लिहिले. विचार मराठीत येतो हे एक कारण. वेल्शची बाजू इंग्रजीतून मांडायला मन धजावले नाही हे दुसरे. शिवाय हे पत्र माझ्या माणसांनीही वाचावे अशी इच्छा आहे, कारण भाषा आणि राजकारण यांची गाठ कशी बसते आणि कशी सुटते हे आम्हा मराठी माणसांना कोणी शिकवायला नको.

मी मूळची निपाणीची. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत हे गाव तेव्हाच्या मैसूर राज्यात गेले, आणि त्यामुळे आमच्या घरात मराठी, शाळेत मराठी आणि सरकारी कागद मात्र कन्नडमध्ये अशा वातावरणात मी वाढले. गेली नऊ वर्षे मी वेल्सच्या वायव्येला एका रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते आणि समुद्रापासून दोन मैलांवरच्या एका लहान गावात राहते. माझी आठ वर्षांची मुलगी शेजारच्या ब्याऐंशी वर्षांच्या बाईंना ‘नाइन’ म्हणते. उत्तर वेल्समध्ये आजीला हाच शब्द आहे. निपाणीच्या आजीशी ती फोनवर मराठीत बोलते, नाइनशी वेल्शमध्ये भांडते, आणि इंग्रजी तिला आपोआप आली, त्यासाठी घरात कोणालाही काही करावे लागले नाही. वेल्श मात्र तिला आली ती गावच्या शाळेमुळे.

ती शाळा बंद करण्याचा प्रस्ताव गेल्या महिन्यात आमच्या कौन्सिलने मांडला आहे. पटावर एकोणीस मुले आहेत, छप्पर गळते, प्रत्येक मुलामागे होणारा खर्च परवडत नाही, म्हणून या मुलांना नऊ मैलांवरच्या मोठ्या शाळेत बसने न्यावे, असे त्यात म्हटले आहे. प्रस्तावासोबतच्या जाडजूड कागदपत्रांत ‘वेल्श भाषेवरील परिणाम’ या मथळ्याखाली जेमतेम पाऊण पान आहे, आणि त्याचा निष्कर्ष असा की नवी शाळाही वेल्श माध्यमाचीच असल्याने भाषेवर लक्षणीय परिणाम संभवत नाही. ज्याने हे लिहिले त्याने त्या मोठ्या शाळेच्या पटांगणात मधल्या सुट्टीत दहा मिनिटे उभे राहून ऐकावे. वर्गात शिक्षक वेल्श बोलतात हे खरे आहे. चेंडूच्या मागे धावताना मात्र मुले इंग्रजीत ओरडतात. आमच्या शाळेत अजून ‘दे इकडे’ हे वेल्शमध्ये ओरडले जाते, आणि भाषा जिवंत आहे की नाही हे मला तिथेच कळते, तपासणी अहवालात कळत नाही.

कौन्सिलचा निर्णय कौन्सिलचा, असे आपण म्हणाल. पण शाळा बंद करण्याची संहिता आपली आहे, कौन्सिलला पैसा आपण देता, आणि २०५० पर्यंत दहा लाख वेल्श भाषक घडवण्याचे वचनही २०१७ साली आपल्याच सरकारने दिले आहे. म्हणून पत्र आपल्याला.

पहिली तक्रार या दहा लाखांच्या आकड्याबद्दलच आहे. उद्दिष्ट मोठे आहे आणि त्यामागच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण वचन दिल्यानंतरची पहिली जनगणना २०२१ साली झाली, आणि तिच्यात वेल्श बोलणाऱ्यांचे प्रमाण १७.८ टक्के, म्हणजे सुमारे ५ लाख ३८ हजार निघाले. दहा वर्षांपूर्वी ते १९ टक्के होते. शाळकरी मुलांमध्ये घट सर्वांत मोठी होती, जवळजवळ चाळीस टक्क्यांवरून चौतीसवर. ही जनगणना महासाथीच्या काळात झाली, त्याआधी शाळा बराच काळ बंद राहिल्या होत्या, हे मान्य. दुसऱ्या एका सरकारी पाहणीत आकडा बराच मोठा येतो, हेही खरे. मात्र आकडा पडला की मोजणीची पद्धत चर्चेला घ्यायची आणि चढला की धोरणाचे यश सांगायचे, हे फार काळ चालणार नाही. आणि खरा प्रश्न मोजणीचा नाहीच. कार्डिफमध्ये शाळेत वेल्श शिकून पुढे ती कधी न बोलणारा तरुण आणि आमच्या गावात दिवसभर वेल्शमध्येच जगणारी नाइन हे दोघे आपल्या तक्त्यात एकेक भाषक म्हणून सारखेच धरले जातात. पहिल्याची भर पडली म्हणून दुसरीच्या गावाची तूट भरून निघत नाही. कारमार्थनशायरमध्ये २०११ ते २०२१ या दहा वर्षांत वेल्श भाषकांचे प्रमाण सुमारे ४४ टक्क्यांवरून ४० वर आले. अशा ठिकाणी काय हरवते ते दहा लाखांच्या आकड्यात कुठेच दिसत नाही.

दुसरी तक्रार घरांची. आमच्या गल्लीत अकरा घरे आहेत आणि नोव्हेंबरमध्ये संध्याकाळी पाच वाजता त्यांतल्या चार घरांत दिवा लागतो. उरलेली सात ईस्टरला उघडतात. नाइनचा नातू सुतारकाम करतो, त्याने या परिसरातल्या निम्म्या सुट्टीच्या घरांची स्वयंपाकघरे बसवली आहेत, आणि तो स्वतः लग्नानंतर इंग्लंडच्या सीमेपलीकडे राहायला गेला कारण इथे भाड्यानेही काही मिळेना. त्याची मुले वेल्श बोलतील का? सणासुदीला बोलतील. इथल्याच ल्लीन द्वीपकल्पावरच्या अबेरसोख गावाची शाळा डिसेंबर २०२१ मध्ये बंद झाली तेव्हा पटावर दहाहूनही कमी मुले होती, आणि त्याच गावच्या किनाऱ्यावरची, ज्यात रात्री राहताही येत नाही अशी लाकडी खोपटी एक लाख पौंडांहून अधिक किमतीला विकली जात होती. मुले कमी म्हणून शाळा बंद, शाळा नाही म्हणून तरुण कुटुंबे येत नाहीत, कुटुंबे नाहीत म्हणून घरे सुट्टीवाल्यांना. हे चक्र कुठून सुरू झाले याचा शोध घेण्यापेक्षा ते कुठे तोडता येईल हे पाहणे आपले काम आहे.

आपण काहीच केले नाही असे मी म्हणणार नाही. एप्रिल २०२३ पासून कौन्सिलना दुसऱ्या घरांवर तीनशे टक्क्यांपर्यंत जादा कर लावण्याची मुभा आपण दिली, आणि घर ‘व्यवसाय’ म्हणून दाखवून करातून सुटण्याची पळवाट अरुंद करण्यासाठी वर्षातले किमान १८२ दिवस ते भाड्याने गेलेच पाहिजे अशी अट घातली. पण कराने घर महाग होते, रिकामे होते, क्वचित विक्रीलाही निघते. ते नाइनच्या नातवाला परवडेल अशा किमतीला येत नाही. ‘वेल्स विक्रीला नाही’ ही घोषणा भाषा-चळवळीतली मुले वर्षानुवर्षे देत आहेत आणि मालमत्तेचा स्वतंत्र कायदा मागत आहेत. वेल्श-भाषक समाजांसाठी आपणच नेमलेल्या आयोगाने ऑगस्ट २०२४ मध्ये अहवाल देऊन सांगितले की ज्या भागांत वेल्श अजून रोजच्या व्यवहाराची भाषा आहे ते भाग ओळखून तिथे घरे, नियोजन, शिक्षण आणि रोजगार यांची धोरणे वेगळी आखावीत. अहवालाचे स्वागत झाले. आमच्या गावापर्यंत त्यातले अद्याप काही पोहोचलेले नाही.

तिसरी तक्रार माझ्यासारख्यांची आहे, आणि ती सांगताना थोडे थांबावे लागेल.

निपाणीत असताना मी कन्नड बाजारापुरतीच शिकले. आमच्यावर लादलेली भाषा म्हणून तिच्याकडे पाहिले, आणि लादणे हा अन्याय होता असे मला आजही वाटते. पण शेजारच्या कन्नड घरातल्या मैत्रिणीशी तिच्या भाषेत चार वाक्ये नीट बोलता आली असती तर मराठीचे काही बिघडले नसते, हे उमगायला मला वेल्सपर्यंत यावे लागले. इथे आल्यावर ती चूक पुन्हा करायची नाही असे ठरवले. पहिल्याच आठवड्यात भाषावर्गाची चौकशी केली तर समोरच्या व्यक्तीने अत्यंत नम्रपणे इंग्रजीच्या वर्गाचा अर्ज पुढे केला. मला इंग्रजी येते, वेल्श हवी आहे, असे सांगितल्यावर तिला खरोखरच आनंद झाला, पण अर्ज सापडायला वीस मिनिटे लागली. पुढे शहरातला संध्याकाळचा वर्ग संख्येअभावी बंद पडला. कामावर असताना वेल्श शिकण्याची योजना कागदावर होती, परंतु शिकायला जाण्यासाठी पाळी बदलून देणारा माणूस कधी सापडला नाही. आताचा वर्ग एका निवृत्त शिक्षिकेच्या घरी, चहाच्या टेबलाभोवती चालतो.

हा केवळ माझ्या हौसेचा विषय नाही. पक्षाघातानंतर किंवा स्मृतिभ्रंशात अनेक वृद्धांची नंतर शिकलेली भाषा आधी जाते आणि लहानपणची उरते. माझ्याकडे आलेले एक शेतकरी आजोबा इंग्रजी सूचनांना नुसते बघत राहत. मी ‘आराव’, म्हणजे ‘सावकाश’, असे म्हणून हात पुढे केला तेव्हा त्यांनी पहिले पाऊल टाकले. रुग्णाने मागण्याची वाट न पाहता त्याला वेल्शमध्ये सेवा देऊ करावी, असे आपल्या आरोग्यसेवेचे धोरण २०१२ पासून सांगते. ही सेवा देणारे हात निम्मे केरळ, फिलिपिन्स आणि महाराष्ट्रातून येत असतील तर त्या हातांना भाषा कोण शिकवणार? ब्रिटिश नागरिकत्वाचा कायदासुद्धा अर्जदाराला इंग्रजी, वेल्श किंवा स्कॉटिश गेलिक यांपैकी एक भाषा पुरेशी आली पाहिजे असे म्हणतो. नागरिक होण्यासाठी जी भाषा कायद्याने पुरेशी आहे ती शिकण्याचा रस्ता कार्डिफच्या सरकारने नवख्या माणसाला पहिल्या दिवशी दाखवू नये, याचे मला राहून राहून आश्चर्य वाटते.

इथे राष्ट्रवादाबद्दल लिहिणे भाग आहे. हा शब्द ऐकला की आपल्यापैकी काहींची मान ताठ होते आणि काहींची भुवई चढते. मी कोणत्याही पक्षाची नाही. पण इतिहास वाचला तर वेल्श आज जी काही उरली आहे ती राजकीय राष्ट्रवादाने वेळोवेळी घेतलेल्या हट्टांमुळे उरली, हे मान्य करावे लागते. १९२५ साली पुल्हेली या गावी आइस्तेदवोदच्या, म्हणजे वेल्श साहित्य-संगीताच्या वार्षिक उत्सवाच्या, निमित्ताने जमलेल्या मूठभर लोकांनी आज ‘प्लाइड कम्री’ म्हणून ओळखला जाणारा राष्ट्रवादी पक्ष स्थापला. १९३६ मध्ये ल्लीन द्वीपकल्पावरच्या बॉम्बफेकीच्या प्रशिक्षण तळाला आग लावून त्याच पक्षाचे सॉन्डर्स लुईस आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी स्वतःहून पोलिसांना कळवले. कायर्नार्वनच्या ज्यूरीचे एकमत झाले नाही, म्हणून खटला लंडनला नेऊन त्यांना नऊ महिन्यांची शिक्षा देण्यात आली. १९८० साली वेल्श दूरचित्रवाहिनीचे आश्वासन लंडनच्या सरकारने फिरवले तेव्हा पक्षाचे अध्यक्ष ग्विन्व्होर इव्हान्स यांनी आमरण उपोषणाचा इशारा दिला, सरकार नमले, आणि १९८२ मध्ये एस-फोर-सी सुरू झाली. उपोषणाची भाषा आम्हा भारतीयांना वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

आणि त्रिवेरिनचे खोरे. लिव्हरपूल शहराला पाणी हवे म्हणून १९५७ साली कायदा झाला, वेल्सच्या ३६ खासदारांपैकी एकानेही त्याच्या बाजूने मत दिले नाही, आणि तरीही १९६५ पर्यंत कापेल केलिन हे गाव, त्याची शाळा, प्रार्थनाघर, टपाल कार्यालय आणि दफनभूमी पाण्याखाली गेली. ‘त्रिवेरिन आठवा’ ही अक्षरे आज वेल्सभर भिंतींवर दिसतात. मी ती पहिल्यांदा वाचली तेव्हा मला मुळशी आठवली. मुंबईला वीज हवी म्हणून मावळातली पन्नासच्या आसपास गावे धरणाखाली घेतली गेली, आणि त्याविरुद्ध १९२१ साली मावळ्यांनी सत्याग्रह केला. तिथे धरण बांधणारी कंपनी टाटांची होती. सप्टेंबर २०२४ मध्ये दक्षिण वेल्समधल्या पोर्ट टॅलबटची शेवटची झोतभट्टी विझली ती टाटांच्याच पोलाद कारखान्यात. दूरच्या शहरात निर्णय होतो आणि गाव उठते, याला कोणा एका जातीचा शत्रू लागत नाही, हे त्या दिवशी मला वेल्श सहकाऱ्यांच्या डोळ्याला डोळा देताना फार जाणवले.

मात्र कापेल केलिन बुडवणारे सरकार लंडनचे होते. आमची शाळा बंद करण्याचा प्रस्ताव वेल्श लोकांनी निवडलेल्या कौन्सिलने, वेल्श सरकारच्या नियमांखाली, निर्दोष वेल्शमध्ये छापलेल्या कागदावर आणला आहे. सॉन्डर्स लुईस यांनी १९६२ च्या आपल्या रेडिओ व्याख्यानात स्वराज्याआधी भाषेला ठेवले होते. वेल्श-भाषक भागांत वेल्श प्रशासनाची भाषा होण्याआधी स्वराज्य आले तर इंग्रजी अमलापेक्षाही लवकर भाषा मरेल, असे त्यांचे म्हणणे होते. स्वतः पक्षाच्या संस्थापकांपैकी असलेल्या माणसाने हे म्हटले, म्हणून ते अधिक बोचते. वेल्सला स्वतःचे विधिमंडळ हवे का, यावरच्या १९९७ च्या सार्वमतात अवघ्या ६,७२१ मतांच्या फरकाने आपल्याला सत्ता मिळाली. २०११ मध्ये वेल्शला अधिकृत दर्जा मिळाला. पर्वतांची आणि उद्यानांची मूळ नावे परत आली. स्नोडोनियाच्या जागी एरेरी म्हणताना मलाही बरे वाटते. सेनेदची सदस्यसंख्या ६० वरून ९६ करण्याचा कायदा झाला, आणि त्यासाठी लागणारा पैसा सापडला. २०२५ मध्ये भाषा आणि शिक्षणाचा नवा कायदाही झाला, आणि शाळा सोडणाऱ्या प्रत्येक मुलाला वेल्शमध्ये आत्मविश्वासाने वावरता यावे असा त्याचा रोख आहे. एवढी साधने हाती असताना एकोणीस मुलांच्या शाळेचे छप्पर दुरुस्त होत नसेल, तर दोष लंडनला देण्याची सोय आता उरलेली नाही.

राष्ट्रवादाची दुसरी बाजूही बोलते, कारण मी परकी दिसते आणि मला ती ऐकू येते. वेल्श ओळख धोक्यात आली ती बाहेरून आलेल्या माणसांमुळे, असा सूर अलीकडे चढू लागला आहे. वेल्श लोक स्वतःला ‘कम्री’ म्हणवतात आणि त्या शब्दाचा मूळ अर्थ ‘एका भूमीतले सोबती’ असा आहे. ‘वेल्श’ हा शब्द मात्र शेजाऱ्यांनी दिलेला, आणि त्याच्या मुळाशी ‘परके’ हा अर्थ आहे. स्वतःच्या देशात परके हे नाव मिळालेल्या समाजाने तेच नाव पुढे दुसऱ्यांना चिकटवू नये, एवढीच अपेक्षा. माझ्या मुलीच्या वर्गातली पाच मुले वेल्सबाहेर जन्मलेल्या आईबापांची आहेत. ती गेली तर पटावर चौदाच उरतात. पूर्वजांच्या यादीवर उभ्या असलेल्या वेल्स-प्रेमाला या पाच जणांचा उपयोग नाही. भाषेवर उभ्या असलेल्या वेल्सला ती हवीतच.

तेव्हा मागण्या अशा.

आमच्या शाळेच्या प्रस्तावाला आणि वेल्श रोजच्या व्यवहारात असलेल्या भागांतील अशा सर्व प्रस्तावांना तूर्त स्थगिती द्यावी. भाषेवरील परिणामाचे मूल्यमापन कौन्सिलने स्वतः न करता स्वतंत्र यंत्रणेने करावे, आणि त्यात वर्गाबरोबर पटांगणाची, बसची आणि गावातल्या दुकानाची भाषा पाहिली जावी. २०१५ च्या भावी पिढ्यांच्या कायद्यातल्या सात उद्दिष्टांपैकी एकात बहरणाऱ्या वेल्श भाषेचा उल्लेख आहे. बंद शाळेत ती कशी बहरते ते संबंधित मंत्र्यांनी लेखी सांगावे.

आयोगाने सुचवलेले भाग निश्चित करण्याची तारीख जाहीर करावी. तिथे विक्रीला येणारे घर आधी ठरावीक काळ स्थानिक रहिवाशांना आणि गृहनिर्माण संस्थांना देऊ करण्याची अट घालावी, आणि दुसऱ्या घरांवरच्या जादा करातून जमलेल्या पैशाचा हिशेब गावनिहाय प्रसिद्ध करावा.

आरोग्य, शिक्षण आणि वृद्धसेवेत बाहेरून आलेल्या प्रत्येक कर्मचाऱ्याला पहिल्या वर्षी पगारी वेळेत वेल्श शिकण्याचा हक्क द्यावा. ‘सोय आहे’ या शब्दांत नको, रोस्टरमध्ये तास दाखवून हवा.

दहा लाखांच्या आकड्यासोबत दरवर्षी दुसराही आकडा छापावा : किती गावांत निम्म्याहून अधिक माणसे रोज वेल्श बोलतात. तो आकडा लहान आहे, पण गावच्या शाळेचे भवितव्य ठरवताना कौन्सिलपुढे तो असायला हवा.

प्रस्तावावर हरकती घेण्याची मुदत या महिन्याच्या अखेरीस संपते. गावातल्या सत्तावन्न जणांच्या सह्या मी सोबत जोडल्या आहेत. त्यांत सुट्टीच्या सात घरांपैकी दोन मालकांच्याही आहेत, हे मुद्दाम नमूद करते. वेल्शमध्ये लिहिलेल्या पत्राला वेल्शमध्ये उत्तर मिळण्याचा हक्क आपल्या नियमांनी मला दिला आहे, तेव्हा उत्तर वेल्शमध्येच पाठवावे. मला शब्दकोश घेऊन बसावे लागेल आणि मुलगी माझ्या उच्चारांना हसेल, पण तेवढी सवय आता आम्हा दोघींना झाली आहे.

आपली,
वायव्य वेल्समधील एक मराठी रहिवासी